कळसूबाई आणि काठीचं कुलूप

शुक्रवारी लॅपटॉप मिटला, सॅक उचलली आणि रात्रीची कसारा लोकल पकडली. पुढे जीप, आणि उजाडता उजाडता बारी गाव. समोर ढगात डोकं खुपसून बसलेली कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर! माझ्या हातात कोऱ्या करकरीत ट्रेकिंग पोल्सची जोडी. ‘म्हातारा झालास काय रे?’ ग्रुपमधून पहिला बाण आलाच.

चिडवू देत. उतरताना गुडघ्यांवर येणारा भार हे पोल्स थोडा वाटून घेतात. फक्त ते विकत घेताना आपण रंग बघतो, वजन बघतो, किंमत बघतो. लॉक कोण बघतं? मीही नव्हतं बघितलं.

बारीच्या वाटेवर कातळात लोखंडी शिड्या आहेत. शिडीला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणजे पोल मिटवा, सॅकला अडकवा, वर पोचलात की पुन्हा उघडा. पावसात, ओल्या हातांनी हा खेळ तीन-चारदा होतो. लॉकची खरी परीक्षा इथेच.

माझे पोल्स होते ट्विस्ट लॉकचे. नळी पिळली की आतला प्लास्टिकचा तुकडा फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट धरतो. दिसायला सुबक, वजनाला हलका, झुडपात अडकत नाही. गोम एकच, पकड बसलीय की नाही ते बाहेरून दिसत नाही. आत पाणी किंवा चिखल गेला की ती सुटू शकते. आणि भीतीपोटी जास्त पिळला तर नंतर उघडता उघडत नाही.

देवीचं दर्शन झालं, ढगामुळे बाकी काहीच दिसलं नाही, उतरायला लागलो. शेवटच्या शिडीखालच्या निसरड्या वाटेवर उजव्या पोलवर भार टाकला आणि तो सुर्रकन आत गेला. पोलमागोमाग मी! पाच-सहा फुटांवर एका झुडपाने अडवलं म्हणून बरं. तळवा सोलवटला, गुडघा सुजला. त्यानंतर ग्रुपमध्ये कोणी चिडवलं नाही.

मित्राकडे लिव्हर लॉकचे पोल्स होते. नळीच्या बाहेर खटका, दाबला की क्लॅम्प आवळतो. बंद आहे की उघडा ते लांबूनही कळतं, ग्लोव्ह्ज घालूनही चालवता येतो. ढिला पडला तर बाजूचा स्क्रू थोडा फिरवा, झालं. काहींना त्यासाठी छोटा स्क्रू ड्रायव्हर लागतो, तो सॅकमध्ये टाका. थोडा जड, आणि खटका कधी कधी झुडपात अडकतो, एवढीच तक्रार.

तिसरा प्रकार बटणाचा. ठरलेल्या भोकात बटण टक्कन बाहेर येतं. नीट बसलं की सहसा घसरत नाही, पण उंची त्या भोकांपुरतीच बदलते. बारीक माती अडकली तर बटण रुसतं.

मग घ्यायचा कुठला? सपाट, कोरड्या वाटेवर ट्विस्ट चालेल. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत मात्र माझं मत लिव्हरला. जे लॉक डोळ्यांनी तपासता येतं आणि भर पावसात दुरुस्त करता येतं, त्यावर भरवसा ठेवायचा.

अर्थात लॉक कुठलंही असो, काही नियम पाळाच. कोपर काटकोनात येईल एवढी उंची. चढताना पाच-दहा सेंटीमीटर कमी, उतरताना तेवढीच जास्त. ‘स्टॉप’च्या खुणेपलीकडे नळी ओढायची नाही. प्रत्येक उतारापूर्वी पोल जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकून बघायचा. घरी आल्यावर भाग सुटे करून पुसायचे, वाळवायचे. आणि लॉकला तेल? चुकूनही नाही, पकडच जाईल.

खाली बारीत पिठलं-भाकरीवर ताव मारताना घरातले मामा माझा पोल उलटसुलट करून बघत होते. त्यांची बांबूची काठी दाराशी उभी होती. ‘हिला कुलूप कशाला लागतंय?’ त्यांनी विचारलं.

‘मामा, लोकलच्या गर्दीत पाच फुटी काठी कुठे धरू?’

ते हसले. ‘मग कुलूप तरी चांगलं घ्या!’