गोदेच्या वरच्या अंगाला

फेब्रुवारीतल्या एका वीकएंडला एकटाच वाईन प्यायला नाशिकला जाऊन आलो. घरी फक्त 'नाशिकला चाललोय' एवढंच सांगितलं. आईने त्याचं परस्पर त्र्यंबकेश्वर करून टाकलं आणि प्रसाद आणायला बजावलं. पूर्ण्यात वाईन शॉपच्या पाटीखाली वाईन सोडून सगळं मिळतं, त्यामुळे मीही जास्त खुलाशात शिरलो नाही.

पूर्णा जंक्शन असल्याचा हा फायदा. शनिवारी सकाळी तपोवनमध्ये बसलो, संध्याकाळी नाशिकरोड. रविवारी पहाटेच त्र्यंबक उरकलं (खरंच गेलो होतो!) आणि दुपारी गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत पोचलो. "एकटेच आलात सर?" हा प्रश्न गेटपासून टेबलापर्यंत तिघांनी विचारला. आपल्याकडे माणूस एकटा प्यायला बसला की बाकीच्यांनाच काळजी!

या भागाची गोष्ट आपल्या जमातीला आवडेल अशी आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर आले आणि 2000 साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने वाईनसाठी धोरण आणलं. मग आजूबाजूला वायनऱ्या वाढत गेल्या, आणि 2010 मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला जीआय मिळाला.

टूरमधलं मला सगळ्यात भारी वाटलं ते छाटणीचं. युरोपात वेल थंडीत झोपतो. इथे तेवढी थंडीच नाही, म्हणून त्याला फसवावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि पीक मात्र एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये. वर्षात दोन रीस्टार्ट, रिलीज एक :)

मग शेनिन ब्लाँचा ग्लास घेऊन बाहेर बसलो. समोर गंगापूरचं पाणी. आणि तिथे माझी जरा पंचाईत झाली.

ही गोदावरी आमचीच. सकाळी जिचा उगम पाहून आलो, तिलाच आमची पूर्णा कंठेश्वरला जाऊन मिळते. मधे पैठणला जायकवाडी, तिचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. वर धरणं भरली आणि खाली जायकवाडी रिकामी, हे भांडण आम्ही लहानपणापासून ऐकतोय. 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं. 2014 च्या आदेशाने ठरवलं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तरी पाऊस कमी झाला की दर वेळी तेच मोर्चे, त्याच याचिका. आणि मी खालच्या अंगाचा माणूस, वर बसून 'व्ह्यू'चे पैसे मोजत होतो.

शेजारच्या टेबलावरच्या नाशिककर काकांना हे बोलून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "अहो, आमची द्राक्षं ठिबकवर असतात. तुमच्याकडे कालव्याला पाणी आलं की काय लावता?"

ऊस. उत्तर दोघांनाही माहीत होतं. पण म्हणून वरच्यांचा हिशोब चुकता होतो असं नाही, हेही मी त्यांना सांगितलं, आणि ते त्यांना काही पटलं नाही. तासभर वाद झाला, सूर्य धरणात बुडाला. रात्रीची देवगिरी होती, सोमवारी लॉगिन. शेनिन मात्र छान होती, काकांनीच दुसरा ग्लास मागवला.