तीन रेषा

‘‘हा स्पेक्ट्रम कुठल्या पेपरातून उचलला?’’

मे २०१६, लातूर, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाह्य परीक्षकांनी माझा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, पाचशेची नोट खरी की खोटी बघतात तसा, आणि हे विचारलं. आता मी नांदेडला शिकवते, दोन लेकरांची आई आहे, तरी कुणी असा कागद उजेडाला धरला की कान तापतात.

प्रोजेक्ट तसा साधा. आयसोफोरोन नावाचं सहा कार्बनांच्या कड्याचं कीटोन घ्यायचं आणि ग्रिन्यार अभिकर्मकाने त्याला एक मिथिल जोडायचा. गोम एवढीच की या रेणूला वाड्यासारखी दोन दारं. मिथिल पुढच्या दाराने थेट कार्बोनिलवर गेला तर कीटोन जातं, अल्कोहोल होतं, त्यातून पाणी निघालं की डायीन. परसदाराने, म्हणजे दुहेरी बंधाच्या दूरच्या टोकाला गेला, तर कीटोन शाबूत आणि कड्यावर चार मिथिल. परसदाराची कडी काढायला धातूचा चिमूटभर क्षार लागतो. तांब्याने ती निघते हे पुस्तकात होतंच. आमच्या सरांना वाटलं, फेरिक क्लोराइडने निघते का बघू. लोखंड स्वस्त, शिवाय शीर्षकात ‘हरित’ लिहिता येतं.

ईथर ३४.६ अंशांना उकळतं. लातूरच्या उन्हाळ्यात ते टेबलावरच उकळायला बघतं, त्यामुळे कंडेन्सरला सतत थंड पाणी हवं. आणि त्या वर्षी धनेगावला मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घरी आई घागरीसाठी रांगेत आणि मी इथे पाणी बेसिनमध्ये सोडू? मग कूलरची मोटर बादलीत टाकली, तेच पाणी फिरवलं, वरून रसवंतीवाल्याकडचा बर्फ. लॅबमधले मामा मोटरीपाशी उकिडवे बसून सांगायचे, ‘‘ताई, बर्फ संपायलाय की.’’ एक बादली आठवडा पुरवली. ते मला आजही प्रोजेक्टपेक्षा मोठं काम वाटतं, पण त्याला गुण नव्हते.

पहिल्या तीन वेळा प्रयोग जमला. आयआरमध्ये मूळची १६६५च्या आसपासची पट्टी गेली, १७१५ला नवा टोकदार दात आला. नमुना बाहेरगावी पाठवून एनएमआर करून आणला. फक्त तीन रेषा, ६:२:१. रेणू सममित असल्यामुळे चारही मिथिल एकाच जागी, बारा हायड्रोजनांची एकच उंच काठी. सरांनी माझ्यासमोर तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘चहा सांग.’’ आमच्या सरांनी चहा सांगणं म्हणजे काय, ते त्यांच्याच विद्यार्थ्यांना कळेल.

मग फेरिक क्लोराइडची जुनी बाटली संपली. नवी आली, जास्त शुद्ध, जास्त महाग. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा चिखल. थोडं अल्कोहोल, थोडं डायीन, थोडा न बदललेला आयसोफोरोन. ईथर पुन्हा सोडियमवर कोरडं केलं, नवं मॅग्नेशियम आणलं, काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं. काही नाही. मी अहवालात दोन्ही लिहिलं: तीनदा झालं, तीनदा झालं नाही. सर म्हणाले होते, दुसरं कशाला लिहितेस. मी लिहिलं.

आणि परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. ‘‘इथे होत नाही म्हणतेस आणि इथे इतका स्वच्छ? विद्यार्थ्याच्या हातचा स्पेक्ट्रम असा असतो का?’’ मी सममितीचं सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. मी सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते. वीज नव्हती, पंखा बंद होता, तरी ते त्या बंद पंख्याकडे बघत होते. ज्या माणसाने प्रयोगातून निघालेलं तेल डोळ्यांनी बघितलं, त्याचा वास घेतला, कागद दोनदा वाचला, त्याने एक वाक्य बोलायचं होतं: ‘मी होतो तेव्हा.’ तीन शब्द. परीक्षकांचा मला फारसा राग नाही, त्यांना मी परकी. सर त्यानंतर बिस्किटाची बशी पुढे सरकवत परीक्षकांना परतीच्या गाडीची वेळ विचारू लागले.

बऱ्याच वर्षांनी, नेट-सेटच्या पोरांना शिकवायला म्हणून जुने पेपर काढले, तेव्हा उलगडा झाल्यासारखं वाटलं. खराश आणि टॉनी यांनी १९४१मध्येच नेमका आयसोफोरोन घेऊन हे करून ठेवलंय: एक टक्का क्युप्रस क्लोराइड टाकलं की परसदार, लोखंडाने मात्र तो माल मिळत नाही. आणि २००९मध्ये जर्मनीच्या बोल्म आणि अमेरिकेच्या बुखवाल्ड यांनी मिळून लिहिलं की फेरिक क्लोराइडच्या नावावर खपलेल्या काही अभिक्रिया त्यातल्या किंचित तांब्यामुळे होत असाव्यात. त्यातले काही लोखंडाचे पेपर खुद्द बोल्म यांचेच होते. इंग्लंडमध्ये लेडबीटर यांच्या गटाने २००३मध्ये धातूविना जोडणी झाल्याचं छापलं आणि २००५मध्ये स्वतःच सांगितलं की सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होतं. त्यांना कुणी ‘उचलला’ म्हटलं नाही. त्यांचा दुसरा पेपर छापून आला.

आमच्या जुन्या बाटलीवर ‘निर्जल, ९६ टक्के’ एवढंच होतं. इलेक्ट्रॉनिक्सची पोरं सर्किट बोर्डावरचं तांबं खायला घालायला त्याच बाटलीतून पूड न्यायची, त्यांचाच हिरवट चमचा आत. म्हणजे लोखंडाने काही केलं नव्हतं आणि माझं शीर्षक चुकीचंच होतं. तेवढ्यापुरते परीक्षक बरोबर. अर्थात एवढ्याशा तांब्याने इतका स्वच्छ माल यावा का, हाही प्रश्नच आहे. मामांना फोन केला. ‘‘ती बाटली? तवाच भंगारात गेली ताई.’’ माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगते, बाटलीचा बॅच नंबर वहीत लिहा आणि बाटली संपली तरी टाकू नका. ते लिहीत नाहीत.

गेल्या वर्षी अहमदपूरला एका लग्नात सर भेटले. थकलेत. बायकोला माझी ओळख करून देताना म्हणाले, ‘‘हिचा लोखंडाचा प्रयोग फार सुंदर झाला होता बरं का. तीन रेषा!’’ त्यांना ते खरंच तसं आठवत होतं.

मी म्हणाले, ‘‘हो सर. जेवलात का?’’