उतार

मराठीतला ‘उतार’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. नदी जिथे पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. पूर ओसरू लागला की पाण्याला उतार पडतो. डोंगराची घसरण तीही उतारच. संस्कृतातल्या ‘तॄ’ धातूचे हे सारे गोत : तरणे, उतरणे, अवतार आणि तीर्थ. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची, पाणी पार करण्याची जागा. पावित्र्य तिथे मागाहून येऊन बसले असावे. संतकवितेतला भवसागर आणि पैलतीर वर्गात शिकवताना मला एक गद्य प्रश्न नेहमी छळत आला आहे : पलीकडे जायचे खरे, पण पाऊल नेमके कुठे टाकायचे?

नर्मदा परिक्रमेचा दक्षिण तटावरचा एक टप्पा मी चाललो, तेव्हा हा प्रश्न रोजचाच झाला. परिक्रमेत नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही, हे व्रत. पण तिला मिळणाऱ्या नद्या ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते. शेर, शक्कर, दुधी, तवा, गंजाल, आणि ज्यांची नावे नकाशावर येत नाहीत असे असंख्य नाले. पश्चिमेकडे चालणाऱ्याला हे पाणी डावीकडून येते आणि उजवीकडे नर्मदेकडे ओढते. म्हणजे जी ओलांडायची नाही तिच्याच दिशेने ढकलणारे पाणी ओलांडत जायचे. ‘ओढा’ आणि ‘ओढ’ हे शब्द शेजारी का राहतात ते तिथे पायांना कळते.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला आणि एका अशाच नाल्यावर आम्ही पाच जण अडकलो. पाणी गढूळ होते, गुडघ्याच्या जरा वर असावे. आमच्यातले एक काका, वय पासष्टीच्या पुढचे, निघायला उतावीळ. ‘मैया सांभाळेल’, असे ते म्हणत आणि ते म्हणणे खोटे नव्हते. त्या श्रद्धेवरच ते इतके चालून आले होते. काठावर गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने वाद घातला नाही. त्याने बाभळीची एक काटकी तोडली, पाणी टेकत होते तिथे चिखलात खोचली आणि सांगितले, बसा बाबाजी, पाणी काटकी सोडते का पाहू. संध्याकाळपर्यंत ते चार बोटे हटले. सकाळी हातभर हटले होते आणि तळाचे गोटे दिसू लागले होते.

मग त्याने जागा दाखवली. मला वाटले होते तो अरुंद भाग निवडेल. अंतर कमी, चार पावलांत पलीकडे. पण अरुंद जागी तेच पाणी खोल होते आणि वेगाने जाते, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. त्याने निवडला तो पसरट भाग, जिथे पाणी फुटून उथळ वाहत होते आणि खालच्या अंगाला झाडाच्या फांद्या अडकलेल्या नव्हत्या. (पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस अडकतो.) पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर ओझे टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, आणि तिला धरून आडवी, घासत टाकलेली पावले. एका वेळी एकच आधार हलवायचा. नजर पाण्यावर ठेवली तर भोवळ येते, म्हणून ती काठावर. काका अनवाणी होते. गोट्यांवर अनवाणी पाय सरकतो, तरी त्यांनी नेम मोडला नाही. मी त्यांच्या वरच्या बाजूला राहिलो. पंचवीस पावलांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

श्रद्धा आणि सावधपणा यांना परस्परविरोधी मानण्याची आपल्याला सवय आहे. परंपरेला ती नव्हती. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी मुक्काम करतो, चालत नाही. या नेमाची धार्मिक कारणे काहीही असोत, भर पावसात नद्या ओलांडण्याची पाळी त्यामुळे टळते. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात इतकी माणसे नद्यांत बुडत, की त्या मृत्यूला ‘न्यूझीलंडचे मरण’ असे नावच पडले होते. तिथे २०११ साली खुली झालेली ‘ते अरारोआ’ ही सुमारे ३००० किलोमीटरची पायवाट राकाया आणि रंगिताता या दोन नद्यांच्या एका काठाशी संपते आणि दुसऱ्या काठावर पुन्हा सुरू होते. मधली नदी वाटेत धरलेलीच नाही. रस्त्याने वळसा घालून पलीकडे गेले तरी चालण्यात खंड पडला असे कुणी मानत नाही. एका वाटेने भक्तीपोटी आणि दुसरीने भीतीपोटी, नदी न ओलांडणे हा चालण्याचाच भाग मानला. आमच्या साहित्याने मात्र उडी घेणाऱ्याचे कौतुक केले, काठावर बसून राहणाऱ्याचे फारसे केले नाही.

पण त्या काटकीचीही एक मर्यादा आहे. पाणी पावसाने चढते आणि पाऊस थांबला की उतरते, एवढ्या विश्वासावर ती उभी असते. २००५ च्या एप्रिलमध्ये, रखरखीत उन्हाळ्यात, अमावास्येच्या पर्वणीला नर्मदेच्या उत्तर तटावर धाराजीला हजारो भाविक जमले होते. वरच्या इंदिरासागर धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी रात्री एकाएकी चढले आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. आभाळ निरभ्र असताना येणारा पूर कोणत्या म्हाताऱ्याने ओळखावा? पिढ्यान्‌पिढ्या काठावर बसून मिळवलेले ज्ञान तिथे एका दरवाज्याच्या उघडझापीपुढे निकामी झाले, आणि दरवाजा उघडणाऱ्याला काठावर कोण उतरले आहे हे माहीत असण्याची सोय कुणी केलेली नव्हती. तीर्थ या शब्दाचा जुना अर्थ, उतरण्याची जागा, धाराजीला फार क्रूरपणे आठवतो.

तवेवरही वर धरण आहे. तिथे आम्ही पुलावरून गेलो. वळसा बराच लांबचा होता, ऊन होते, डांबर तापले होते आणि काकांचे पाय पोळत होते. पण उतार शोधू या, असे या वेळी तेही म्हणाले नाहीत.