इस्राएल आळीतली आजी

अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर ‘सिनेगॉग’ म्हणालात, तर रिक्षावाला क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. ‘इस्राएल आळी’ म्हणालात, की रिक्षा वळलीच म्हणून समजा. आळीत शिरल्यावर तिला शोधावं लागत नाही. माडांच्या आणि नव्या इमारतींच्या गर्दीत ती आपली ऐसपैस बसलेली असते, ओटीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची दखल घेणाऱ्या घरातल्या थोरल्या बाईसारखी.

तिचं नाव मागेन अबोथ, म्हणजे वाडवडिलांची ढाल. नाव असं भारदस्त, पण कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल ज्यूंच्या तोंडी सिनेगॉगसाठी, म्हणजे प्रार्थनाघरासाठी, घरगुती शब्द होता ‘मशीद’. मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरची, १७९६ सालची, सगळ्यांत थोरली ती ‘जुनी मशीद’. भाषेनंच तिला बाई ठरवलं आहे, तेव्हा आपणही तिला आजी म्हणू.

वय ती लपवत नाही. उलट दोन-दोन सालं सांगते. १८४८ हे जन्माचं आणि १९१० हे पुन्हा बांधून काढल्याचं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही अभिमानानं सांगणाऱ्या बायका असतात ना, तशी. पनवेल, पेण, रेवदंडा इथे तिच्या बहिणी आहेत, आणि बहिणींचा विषय निघाला की ती थोडी ताठ होते. कारण नवगाव तिच्या जवळ. वाडवडिलांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कथा प्रत्येक बेने इस्राएल घरात सांगतात. त्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागला. गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, रोहेकर. आजीला ही आडनावं पाठ आहेत. कुठल्याही पोराला ती आधी नाव विचारत नाही, ‘कुठले तुम्ही?’ हेच विचारते.

तिचा खरा छंद मोजण्याचा.

सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात, तेरा वर्षांवरचे पुरुष. त्याला म्हणायचं मिन्यान. नऊ असले तरी तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, पोथी वाचनासाठी बाहेर निघत नाही, आणि गेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही. म्हणजे आजीच्या दारात आलेल्या मुलाला आपल्या बापासाठी चार शब्द म्हणायचे असले, तर आणखी नऊ जणांनी आपली कामं टाकून तिथे उभं राहावं लागतं. या नियमाइतकी शहाणी गोष्ट मला फार थोड्या धर्मांत दिसली आहे. दुःख करायलाही शेजार लागतो, हे या धर्मानं कायद्यात लिहून ठेवलं आहे.

पण माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, अशी ज्यू परंपरा. दहा शब्दांचं एखादं वचन घ्यायचं आणि प्रत्येक माणसागणिक एकेक शब्द म्हणायचा. शेवटचा शब्द ज्याच्यावर येतो, तो दहावा. सातव्या-आठव्या शब्दाशी वचन अडकलं, की सगळ्यांच्या नजरा दाराकडे जातात. वर्षातले कितीतरी शनिवार तिचे असे अर्ध्या वाक्यात अडकून पडतात. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून ४,६५० भरले. १९४८ नंतर आळीतली बहुतेक घरं इस्राएलला गेली: लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा. उरलेली मोजकी.

आणि मग उन्हाळा येतो.

कोकणात उन्हाळा म्हणजे चाकरमानी. परीक्षा संपतात, मुंबई-ठाण्याहून एसट्या भरून येतात, गेटवेची लाँच मांडव्याला माणसं उतरवते. आजीचीही नातवंडं त्यांत असतात. शिवाय दूरची पाहुणे मंडळी: अश्दोदला जन्मलेली, हिब्रूत विचार करणारी, पण ‘भूक लागली’ मराठीतच म्हणणारी. ती आपल्या पणजोबाचं घर शोधत आळीत फिरतात आणि शेवटी तिच्याकडेच येतात, कारण घराच्या जागी तीन मजले उभे राहिलेले असतात. ती मात्र आहे तिथेच असते. एप्रिलच्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी वचन सुरू होतं, दहावा शब्द संपतो, आणि माणसं अजून उरलेली असतात. त्या वेळी आजीचा चेहरा बघावा.

उन्हाळ्याची तयारी ती होळीपासूनच सुरू करते. पुरीमला जुनी माणसं होळीचा सणच म्हणत, इतके ते दोन्ही जवळ येतात. त्यानंतर महिनाभरानं पेसाह. गेल्या शतकांत, हिब्रू नावं विसरली होती तेव्हा, या सणाचं नाव होतं ‘अनशी ढाकाचा सण’, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. नाव गेलं, काम विसरले नाहीत! आंबवलेलं काही घरात राहता कामा नये. घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, कोनाडे धुऊन लख्ख. आजी या दिवसांत महाकडक होते. पावाचा एक चुरा सापडला तरी तिचा पारा चढतो. भात मात्र ती चालवून घेते. युरोपातल्या तिच्या कित्येक बहिणी पेसाहला तांदळाला हात लावत नाहीत. कोकणातल्या बाईला तांदूळ सोडायला सांगणं शक्य होतं का?

पेसाहच्या रात्री इजिप्तमधून सुटल्याची गोष्ट वाचतात, ती पोथी हगादा. ती १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठीसह छापली गेली. पुण्याच्या पोथीत चित्रं आहेत: साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. फारोच्या गुलामीतून सुटलेल्या बायका नऊवारीत! आजी हे चित्र सगळ्यांना दाखवते. दोन लिप्या शेजारी असल्या की हिब्रू उजवीकडून निघते, मराठी डावीकडून, आणि दोघी एकमेकींना भेटायला निघाल्यासारख्या दिसतात. सुट्टीत आलेली पोरं आलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, शिकायला बसतात, तेव्हा पहिला गोंधळ हाच होतो. पाटी कुठल्या बाजूनं सुरू करायची, यावरून निम्मी सकाळ जाते.

तिचा हट्टीपणा सांगायचा तर दवाचा किस्सा सांगायला हवा. पेसाहच्या पहिल्या दिवशी ती प्रार्थनेतला पाऊस थांबवते आणि दवाचा उल्लेख सुरू करते. यरुशलेमला त्या सुमारास पाऊस संपतो, म्हणून हा नियम. आता कोकणातला माणूस एप्रिलमध्ये आभाळाकडे बघून कशाची वाट बघतो? विहिरी तळाला गेलेल्या, राब भाजून झालेले, आणि आजी दव म्हणते आहे. जूनमध्ये पाऊस कोसळतो, छपरावरचा आवाज इतका वाढतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही, तरी ती दवच म्हणते. ऑक्टोबरमध्ये इथला पाऊस माघारी फिरला, की मग ती पावसाचं नाव घ्यायला लागते. कुणी विचारलं तर ती गप्प राहते. घर बदललं तरी गावच्या शेताचा विचार सुटत नाही, असली माणसं कोकणाला काय नवीन आहेत? नरिमन पॉइंटला नोकरी करून ‘आमच्याकडे लावणी झाली का’ विचारणारी.

तीच गत ओमेरच्या मोजणीची. ओमेर हे जवाचं माप. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून रोज रात्री एक दिवस मोजायचा, असे एकोणपन्नास. तिकडे जवाची कापणी सुरू झालेली असते आणि शेवटी गहू येतो. रायगडात जव कुणी पाहिला आहे? पण रात्र पडली की मोजणी झालीच पाहिजे. आणि एखादा दिवस पुरता विसरलात, तर पुढचे दिवस मोजता येतात, आशीर्वाद मात्र म्हणता येत नाही. मे महिन्यात वीज जाते, पंखे थांबतात, घामानं सदरे पाठीला चिकटतात, बाया पदरानं वारा घेतात, आणि मेणबत्तीच्या उजेडात आकडा पुढे सरकतो: बावीस, तेवीस, चोवीस.

लोकांना लग्नाची घाई असते. सुट्टी एवढीच, पाहुणे एवढेच, हॉलची तारीख मिळत नाही. पण ओमेरचे तेहेतीस दिवस होईपर्यंत लग्न नाही, हा परंपरेचा दंडक. एकदा तो टप्पा ओलांडला, की मग तिच्यासारखी हौशी बाई नाही. आदल्या रात्री मेंदी. लग्नाच्या दिवशी मुलगी दारातून आत येते तेव्हा नवरा मुलगा तेवाजवळ उभा राहून तिच्यासाठी स्वतः गाणं म्हणतो. तेवा म्हणजे मध्यभागी असलेला प्रार्थनेचा चौथरा. गळा असो वा नसो, म्हणावंच लागतं. मुलाचा आवाज फाटला, की सगळी मशीद त्याच्या सुरात सूर मिसळते आणि त्याला तारून नेते.

खाण्यापिण्यात ती पक्की कोकणी. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आशीर्वादाला द्राक्षाचा रस हवा, तर काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, की शरबत तयार. मांसाबरोबर दूध चालत नाही, पण शेजारी माड उभे असताना अडतं कुठे? मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. आणि नवस फेडायचा तर मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. हा मलिदा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर खुणा आहेत. हनाबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या त्या खुणा, इथूनच तो स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. मे महिन्यात आलेली मंडळी तिकडे जाऊन येतात, आणि दिवसभर उन्हात तापून संध्याकाळी तिच्याकडे पोहोचतात.

तिच्याकडे निरोप घेण्याची एक रीत आहे, हातबोशी. प्रार्थना संपली की एकमेकांचे हात हातात घ्यायचे, मग आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. थोरल्यांपासून सुरुवात, पोरांपर्यंत. कुणालाही वगळायचं नाही, अबोला असला तरी. दोन चुलतभाऊ जमिनीच्या वाटणीवरून वर्षभर बोललेले नसतात, पण शनिवारी सकाळी हात पुढे करावाच लागतो. आजी तोंडानं काही बोलत नाही. ती फक्त एवढी व्यवस्था करून ठेवते.

एकाच गोष्टीला ती मनापासून घाबरते: खाऱ्या वाऱ्याला. पश्चिमेला तोंड करून प्रार्थना करायची, कारण यरुशलेम तिकडे. अलिबागेत पश्चिमेला समुद्र. दुपार कलली की तोच वारा आत येतो, घाम वाळवतो, आणि लोखंड, लाकूड, चर्मपत्र सगळ्याला चाटून जातो. पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात, हेखालमध्ये, हातानं लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या असतात. एका तोरात ३,०४,८०५ अक्षरं. एक अक्षर जरी पुसलं, तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला चालत नाही. माणसांचं जे, तेच अक्षरांचं. तीन लाखांतलं एक कमी असेल तर तीन लाख नाहीतच. आणि हा वारा ज्या समुद्रावरून येतो, त्याच समुद्रानं वाडवडिलांना आणून टाकलं. तो समोर आहे, म्हणून ती दोन्ही करते, तोंडही तिकडेच आणि काळजीही त्याचीच.

एकोणपन्नास पुरे होतात, शावुओतचा सण येऊन जातो. कॅलेंडरप्रमाणे तो कधी मेमध्ये, कधी जूनमध्ये. पोरांच्या शाळा उघडणार असतात, पाहुण्यांच्या विमानाच्या तारखा आलेल्या असतात. निघताना दारावरच्या मेझुझाला, वचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोट लावून सगळे ते ओठांशी नेतात. अश्दोदची मंडळी एक बरणीभर कोकम आगळ मागतात आणि कुणीतरी ती प्लॅस्टिकमध्ये तीन वेळा गुंडाळून देतं. लाँच बंद व्हायच्या आधी मांडवा गाठायचं असतं.

मग एका शनिवारी सकाळी पाऊस येतो. दाराशी कुणीतरी छत्री झटकतं, ओल्या चपला पुसतं, आत बसलेल्यांना ‘शब्बाथ शालोम’ म्हणतं. म्हातारे नाना मान वर करून वचनाचा पुढचा शब्द म्हणतात आणि तिथेच थांबतात. अजून तीन शब्द बाकी आहेत. बाहेर पन्हळीतून पाणी धो धो पडतंय, दार उघडंच ठेवलेलं आहे.