ऑपेरा ऐकायचाय? रिगोलेत्तोपासून सुरू करा

मंडळी, ऑपेरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शिंगांचा मुकुट घातलेली एक भरभक्कम बाई आणि तिच्या आवाजानं तडकणारी काच. नाहीतर 'टॉम अँड जेरी'चा १९६४ सालचा तो भाग, ज्यात टॉम कोट घालून स्टेजवर गातोय आणि स्टेजखाली झोपलेल्या जेरीची पार झोपमोड होतेय. 'दिल चाहता है'मध्ये आमिर आणि प्रीती झिंटा सिडनीत ऑपेरा बघायला जातात, ती आपली हिंदी सिनेमानं करून दिलेली ओळख. बस्स.

गंमत म्हणजे टॉम जे गातो ते रॉसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' (१८१६) या ऑपेरातलं न्हाव्याचं गाणं आहे. म्हणजे ऑपेरा आपण शाळेत असतानाच ऐकलाय, फक्त तो ऑपेरा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर आजचं शनिवारचं लिखाण अशा लोकांसाठी, ज्यांना गाणं आवडतं पण ऑपेराच्या दारातून आत कसं शिरायचं ते कळत नाही. इटालियन यायला हवं, सूट हवा, भरपूर पैसे हवेत वगैरे काही नाही. मराठी माणसाला तर हे दार उलट जास्त सोपं आहे. कसं ते सांगतो.

१६०० च्या आसपास फ्लॉरेन्समधल्या काही विद्वान मंडळींच्या डोक्यात आलं की प्राचीन ग्रीक नाटकं गाऊन सादर होत असावीत, तर आपणही तसं करून बघू. ग्रीक नाटक काही परत आलं नाही, पण त्या खटपटीतून एक नवीनच प्रकार जन्माला आला. १६०७ मध्ये मांतुआत माँटेवेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला, तो आजही रंगमंचावर होतो. १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि राजवाड्यातली करमणूक गावात आली.

आता आपल्याकडे या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचं शाकुंतल मराठीत आणलं, त्यात पदं घातली आणि पुण्यात त्याचा प्रयोग केला. इथेही जुनं नाटक हाताशी घेतलं आणि निघाला नवाच प्रकार. आपल्याकडे बालगंधर्व स्त्री भूमिका करायचे, तर मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' (१७८६) मध्ये केरुबिनो या पोरगेल्या मुलाचं काम बाई करते. ज्याच्या आजीनं 'मानापमान'च्या आठवणी सांगितल्यात, त्याला ऑपेराचं नवल वाटायचं कारण नाही.

फरक मात्र आहेत, आणि ते आधी समजून घेतले की मग चिडचिड होत नाही.

पहिला फरक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतात, मग ऑर्गनचा सूर येतो आणि पद सुरू होतं. बहुतेक ऑपेरात मात्र संवादही गाऊनच म्हणतात. या गात-बोलण्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. कीर्तनकार बोलता बोलता सुरात जातात ना, साधारण तसं. गोष्ट रेसिटेटिव्हमध्ये पुढे सरकते, आणि पात्राच्या मनात दाटून आलं की घड्याळ थांबतं आणि आरिया सुरू होते. आरिया म्हणजे आपलं पद. नवख्या माणसाला वाटतं सगळंच एकसारखं चाललंय. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धी लढाई जिंकली.

दुसरा फरक. आपला गायक नट पद रंगवतो, फुलवतो, लोकांनी वन्स मोअर दिला की पुन्हा नव्यानं मांडतो. ऑपेरात बहुतेक सगळं संगीतकारानं आधीच लिहून ठेवलेलं असतं. गायकानं उपज करायची नसते, लिहिलेल्यात जीव ओतायचा असतो. वन्स मोअर तर दुर्मिळच. मिलानच्या ला स्काला थिएटरात जवळपास पाऊण शतक वन्स मोअर बंद होता. २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या टेनरनं दोनिझेत्तीच्या एका ऑपेरातली वरच्या षड्जासारखे नऊ उंच सूर असलेली आरिया गायली, लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं आणि त्यानं ती परत गायली. जगभर बातमी झाली. आपल्याकडे यात बातमी काय, असंच कुणीही विचारेल :-)

तिसरा फरक माइकचा. ऑपेरा गायक माइक वापरत नाही. साठ-सत्तर वाद्यं समोरच्या खड्ड्यात वाजतायत आणि एक माणूस त्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय. कसं? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकानं १९७० च्या दशकात हे मोजलं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर जाताना उतरत जातो. तयारीचा गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाची ठेवण अशी करतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीचा उंचवटा येतो. तिथे ऑर्केस्ट्रा दुबळा आणि आपला कान तिखट. म्हणजे गायक ऑर्केस्ट्रापेक्षा मोठ्यानं ओरडत नाही, मोकळी असलेली लेन पकडून जातो. सकाळच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ज्याला हे जमतं त्याला आपण काय म्हणू?

आता मुख्य मुद्दा. ऑपेराला असं काय जमतं जे नाटकाला जमत नाही? यासाठी मी नेहमी व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' (१८५१) दाखवतो.

गोष्ट अशी. मांतुआचा ड्यूक रंगेल. रिगोलेत्तो हा त्याचा कुबडा विदूषक. ड्यूकनं ज्यांच्या बायका-मुली नासवल्या त्यांची तो भर दरबारात टिंगल करतो. असाच एक म्हातारा बाप त्याला शाप देतो. या विदूषकाचं एक गुपित आहे : त्याला जिल्दा नावाची मुलगी आहे. जगाची नजर पडू नये म्हणून त्यानं तिला घरात कोंडलंय, चर्चशिवाय कुठे जाऊ देत नाही. ती इतकी भाबडी राहिली आहे की गरीब विद्यार्थ्याचं सोंग घेऊन आलेल्या ड्यूकच्या प्रेमात पडते. पुढे दरबारी तिला पळवतात, ड्यूक तिची अब्रू घेतो, आणि बाप त्याला मारायची सुपारी देतो.

शेवटच्या अंकात एक जागा आहे. पडक्या खाणावळीत ड्यूक दुसऱ्याच बाईला पटवतोय, ती हसत त्याला खेळवतेय. बाहेर अंधारात जिल्दा फटीतून हे बघतेय, तिचं काळीज फुटतंय, आणि शेजारी उभा बाप तिला म्हणतोय, रडू नकोस, मी सूड घेतो. चौघं एकाच वेळी गातात. चार माणसं, चार वेगळे भाव, चार वेगळ्या चाली. नाटकात चौघं एकदम बोलली तर गोंगाट होईल. इथे चारही मनं स्वतंत्र ऐकू येतात आणि मिळून एक सुंदर गाणंही होतं. मल्टिथ्रेडिंगचा इतका देखणा नमुना मी कुठल्याही कोडमध्ये बघितलेला नाही.

याच अंकात ड्यूक बायका कशा चंचल असतात यावर एक उडतं गाणं म्हणतो. 'ला डोन्ना ए मोबिले'. ही चाल तुम्ही नक्की ऐकली असेल, अगदी जाहिरातीतसुद्धा. ऐकताना वाटतं, किती हलकंफुलकं! आता पुढे बघा. मध्यरात्री मारेकरी रिगोलेत्तोच्या हातात एक पोतं देतो. आत ड्यूकचं प्रेत आहे अशा समजुतीत तो विजयानं ते नदीकडे ओढत नेतो. आणि तेवढ्यात लांबून, अंधारातून, तेच उडतं गाणं ऐकू येतं. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण?

एकही शब्द न बोलता, फक्त आधी ऐकलेल्या चालीनं आपल्या अंगावर काटा येतो. गाणं इथे सजावट नाही, गाणं हाच पुरावा आहे.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते व्हिएन्नात, तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर असताना. तिथल्या स्टेट ऑपेरात उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. तेव्हा आत गेल्यावर कठड्याला आपला मफलर बांधायचा, की ती जागा आपली व्हायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात त्याचाच युरोपीय अवतार! प्रत्येक जागेसमोर छोट्या पडद्यावर भाषांतर येत असतं, त्यामुळे भाषेचा प्रश्नच मिटतो.

पण खरा 'रिगोलेत्तो' मला कळला तो पुण्यात, घरच्या टीव्हीवर, बाबांबरोबर. बाबा मूळचे सांगलीचे, बँकेतून निवृत्त, नाट्यसंगीताचे वेडे. त्या दिवसांत आमच्या घरात एक फॉर्म फ्रिजवर पडून होता. धाकट्या बहिणीला नेदरलँड्सला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालेला, शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून बाबांची सही हवी होती. ते नाही म्हणत नव्हते. सहीही करत नव्हते. "एकटी मुलगी, परका देश, बघू." आयुष्यभर लोकांच्या फॉर्मवर कुठे सही करायची ते दाखवणारा माणूस रोज त्या फ्रिजमधून दूध काढायचा आणि वर बघायचा नाही.

मी काही बाबांना धडा शिकवायला ऑपेरा लावला नव्हता. शनिवार होता, पाऊस होता, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला होता. पहिल्या अंकात ते "सूर पक्का आहे हं गड्याचा" वगैरे म्हणत होते. चौघांच्या गाण्याला त्यांनी परत लावायला सांगितलं (दिला की नाही वन्स मोअर!). शेवटी पोतं उघडलं, आत मुलगी निघाली आणि बाप तिच्यावर कोसळला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. आई चहा घेऊन आली तरी पडद्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "बाप वाईट नव्हता रे. जीव होता त्याचा पोरीवर. तीच तर पंचाईत."

एवढंच. दुसऱ्या दिवशी चमत्कार वगैरे झाला नाही. पण दोन-तीन दिवसांनी बाबांनी बहिणीला जवळ बसवून तिथल्या घरभाड्याचा, विम्याचा हिशोब विचारायला सुरुवात केली. फॉर्म फ्रिजवरून जेवणाच्या टेबलावर आला. सही अजून व्हायची आहे, पण टेबलावरच्या कागदाबद्दल निदान बोलता येतं.

असो. आता कामाच्या गोष्टी.

गोष्ट आधी वाचून घ्या. शेवट कळला म्हणून काही बिघडत नाही. शकुंतलेची अंगठी सापडते की नाही हे बघायला कोण शाकुंतलला जातं?

नुसता ऐकू नका, आधी बघा, आणि भाषांतराच्या ओळी चालू ठेवा. एका बैठकीत एकच अंक बघितला तरी चालेल.

'रिगोलेत्तो' झाला की बिझेचा 'कार्मेन' (१८७५). एकाहून एक चाली. पहिल्या प्रयोगानंतर तीनच महिन्यांत बिझे गेला, त्याचं यश त्याला दिसलंच नाही. मग पुच्चिनीचा 'ला बोएम' (१८९६) : थंडीत भाड्याच्या खोलीत राहणारी, खिशात दमडी नसलेली तरुण पोरं. कॉट बेसिसवर राहिलेल्यांना तो लगेच कळेल. वाग्नरचा 'रिंग' मात्र लगेच नको. चार ऑपेरा, मिळून साधारण पंधरा तास. तो दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा.

एखादी आरिया आवडली की तीच तीन वेगवेगळ्या गायकांकडून ऐका. एकच बंदिश तीन घराण्यांत ऐकतो तसं. स्वर तेच, माणूस वेगळा. इथूनच खरी चटक लागते.

आणि काहीतरी चक्रावणारं हवं असेल तर फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' (१९८०). गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवरचा ऑपेरा, आणि अख्खा संस्कृतमध्ये, भगवद्‌गीतेतले श्लोक घेऊन. अमेरिकन संगीतकाराची ही रचना ऐकताना, शाळेत गीतापठणाच्या स्पर्धेला बसलेल्या माणसाला गोऱ्या प्रेक्षकांपेक्षा जास्त शब्द कळतात. त्याचा आनंद वेगळाच.

मुंबईकरांनी गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस एकदा आतून बघून यावं. १९११ मध्ये उद्घाटन, मग सिनेमाचं थिएटर, १९९३ मध्ये कुलूप, आणि २०१६ मध्ये पुन्हा दिवे लागले. त्या रात्री गायल्या मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ.

या शनिवारी दोन तास काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि 'रिगोलेत्तो' लावा. जमलं तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. आमच्याकडे पुढच्या शनिवारी 'कार्मेन' आहे, बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय की त्यात बाप आहे का. नाही म्हटलं. "मग निवांत बघू," म्हणाले.