आमची मयसभा

घराची जमीन कशी असावी, या विषयावर कोणी कधीं कडाक्याचा वाद घातल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. भिंतींच्या रंगावरून नवराबायकोचे अबोले झालेले मीं पाहिले आहेत. दरवाजाच्या दिशेवरून भावाभावांनीं ज्योतिषी गांठलेले पाहिले आहेत. पण पायाखालच्या जमिनीचा विचार माणूस घसरून पडेपर्यंत करीत नाहीं. मींही केला नव्हता. तो मला करावयास लावला आमच्या मोत्यानें, आणि तोही नुसता एका जागीं बसून राहून.

पुण्यांतल्या आमच्या जुन्या घराची जमीन आजोबांच्या वेळीं शेणानें सारवीत. वडिलांनीं तिच्यावर शहाबादी घातली. रंग पावसाळी आभाळाचा, अंगावर टवके, सांध्यांतून मुंग्यांची वसाहत. पाहुण्यांसमोर मला तिची लाज वाटे. मोत्या मात्र तिच्यावरच वाढला. फाटक वाजलें कीं तो माजघरांतून निघे तो थेट ओटीच्या उंबऱ्याशीं येऊन अचूक थांबे.

२०२४ सालीं आम्हीं घर दुरुस्तीस काढलें आणि माझ्यांतला शहाणा जागा झाला. दुकानदारानें दाखविलेली व्हिट्रिफाइड टाइल इतकी गुळगुळीत होती कीं, तिच्यांत पंख्याचीं पातीं मोजतां यावींत. "साहेब, हिच्यांत अर्धा टक्कासुद्धां पाणी मुरत नाहीं," असें तो म्हणाला, आणि तें खरेंही आहे. कुत्रा पाळणाऱ्या घराला याहून काय हवें? "पण पाय ठरेल का?" असें पत्नीनें विचारलें. मी कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवितों, हें येथें कबूल करावयास हवें. त्या शास्त्राच्या बळावर मीं तिला गप्प केलें.

नव्या दिवाणखान्यांत मोत्यानें पहिलें पाऊल टाकलें तेव्हां त्याचे चार पाय चार दिशांना गेले. मुलें हंसलीं, मींही हंसलों. मयसभेंत दुर्योधनाची फजिती पाहून जे हंसले त्यांना पुढें काय भोगावें लागलें हें ठाऊक असूनही हंसलों. दुसऱ्या दिवसापासून तो दाराजवळच्या सतरंजीवर बसून राहूं लागला. पाण्याचें भांडें समोर दहा हातांवर. तहान लागली कीं तो आधीं भांड्याकडे पाही, मग माझ्याकडे. फाटक वाजलें तरी उठेना. अकरा वर्षांचा कुत्रा, म्हातारा झाला, असें मीं ठरवून टाकलें. आपली चूक दुसऱ्याच्या वयावर लोटण्याची ही युक्ति फार सोयीची आहे.

पशुवैद्यांनीं त्याचे सांधे चांचपले आणि मग पंजा उचलून मला दाखविला. कुत्र्याचीं नखें मांजरासारखीं आंत जात नाहींत. पाय सरकूं लागला कीं तो बोटें आंवळून नखें रोवूं पाहतो. मातींत तीं रुततात. काचेसारख्या जमिनीवर तीं रुतत तर नाहींतच, उलट तळव्याची गादी वर उचलली जाऊन होती तीही पकड सुटते. म्हणजे जितकें घाबरावें तितकें घसरावें. त्यांत मागचे सांधे दुखत असले, कीं शहाणा कुत्रा चालणेंच सोडतो. नखें कापा, गाद्यांमधले केंस काढा आणि जमीन बदला, अशीं तीन औषधें त्यांनीं सांगितलीं. पहिलीं दोन स्वस्त होतीं.

मग मीं जमिनींचा अभ्यास आरंभिला. संगमरवर जातीनें चुनखडीचाच. लिंबाचा थेंब पडला तरी त्याचें तेज उतरतें, मग कुत्र्याच्या चुकीची काय कथा! शहाबादी आणि कोटाही चुनखडीचेच, पण त्यांचा रंग समजूतदार आहे. डाग पोटांत घालतो. लॅमिनेटच्या सांध्यांत पाणी शिरलें कीं तें फुगतें. गालिचा केंस आणि वास दोन्ही वारसाहक्कानें जपतो. (फरशी अमोनियाच्या द्रावणानें पुसूं नये, हें मी याच ओघांत शिकलों, त्या वासाला कुत्रा आपलीच जुनी खूण समजतो आणि तेथेंच पुन्हां येतो.) टाइलच घ्यावयाची तर तिच्या घसरणीचे आंकडे असतात, आर-९ पासून आर-१३ पर्यंत. आंकडा वाढला कीं पकड वाढते आणि पुसणाऱ्या बाईची कुरकुरही. घरांत आर-१० पुष्कळ झाला.

हा सारा हिशेब मी एके रात्रीं जेवतांना ऐकवीत होतों. माझी आई ८१ वर्षांची. ताटावरून मान वर न करतां ती म्हणाली, "बदलणारच असशील, तर माझ्या खोलीपासून कर."

चार महिने ती रात्रीं भिंत धरून न्हाणीघराकडे जात होती. बोळाच्या पांढऱ्या भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता, आणि तो रंगाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणून मीं त्याच्याशीं भांडून चुकलों होतों.

"मग बोललीस कां नाहींस?" मीं विचारलें.

"तूं एवढ्या हौसेनें केलेंस," ती म्हणाली, "म्हणून नाहीं बोललें."

पत्नी कांहीं बोलली नाहीं. ताक वाढून आंत गेली.

पैसे होते तेवढ्यांत आईची खोली आणि पुढचा बोळ झाला. तेथें खरबरीत कोटा घातला. "साहेब, पॉलिश तरी मारूं द्या; असा दगड अंगणांत घालतात," असें गवंडी तीनदां म्हणाला. दिवाणखान्यांत टाइल तशीच आहे. तिच्यावर जाड सतरंज्या आणि त्यांच्याखालीं सरकूं नयेत म्हणून रबरी जाळी. मित्र येतात आणि एवढी सुंदर फरशी झांकली कां, म्हणून हळहळतात.

परवां पोस्टमननें फाटक वाजविलें. मोत्या बोळांतून धांवत आला आणि जेथें दगड संपून टाइल सुरू होते तेथें अचूक थांबला. तेथून पुढें तो एकेका सतरंजीवरून, पाऊल मोजीत, दारापर्यंत गेला आणि मग भुंकला. तोंवर पोस्टमन गेलाही होता.