वेताळ टेकडी : सहकुटुंब एक सकाळ



पुण्याला तुमची खेप होतेच. गुलटेकडीला माल घेऊन, दवाखान्याच्या कामाला, नाहीतर मुलांच्या कॉलेजप्रवेशासाठी. काम आटोपले की शनिवारवाडा, तुळशीबाग, सारसबाग करून आपण संध्याकाळची एस.टी. धरतो. पुढच्या खेपेला एक सकाळ राखून ठेवा आणि घरच्या सगळ्यांना घेऊन वेताळ टेकडीवर या.

"डोंगर आम्हाला काय नवीन, साहेब?" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण ही टेकडी शहराच्या मधोमध आहे आणि तिच्यावर आपल्या कामाचे दोन धडे आहेत. ते चालताचालता सांगतो.

ही पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट. लॉ कॉलेज रस्ता, पाषाणची पंचवटी, गोखलेनगर अशा अनेक बाजूंनी पायवाटा वर येतात. लहान मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील तर एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेच्या रस्त्याने या, म्हणजे बराचसा चढ वाहनातच संपतो. पुढची वाट जवळजवळ सपाट आहे. रमतगमत गेलात तरी जुन्या दगडखाणीवरून वेताळबाबाच्या देवळापर्यंत पाऊण-एक तासात पोहोचाल. भाकरी आणि पाणी बरोबर घ्या. वर हॉटेल नाही, आणि नाही तेच बरे.

श्रावण-भाद्रपदात आलात तर टेकडी पाहावी. कमरेएवढे कुसळी गवत, त्यातून मोराची हाक, आणि उतारावर पावसाचे ओहोळ. खाणीत पाणी साठलेले असते. ते दिसायला सुंदर पण खोल आहे, तेव्हा पोरांचा हात सोडू नका आणि कडेला जाऊ देऊ नका. देवळापाशी उभे राहिलात की आभाळ स्वच्छ असेल तर सिंहगड दिसतो. इथे मुलांना एक गोष्ट दाखवा. टेकडीच्या एका अंगाचे पाणी कोथरूड-एरंडवण्याकडून मुठेला जाते, तर दुसऱ्या अंगाचे पाषाणकडून रामनदीला आणि पुढे मुळेला. कोथरूड, पाषाण ही एके काळी शेतीची गावेच होती.

आता पहिला धडा. पाऊस चालू असताना दोन रिकाम्या बाटल्या जवळ ठेवा. जिथे गवत दाट आहे त्याच्या खालच्या ओहोळातून एक भरा. जिथे पायवाट तुडवून उघडी पडली आहे, तिथून वाहणाऱ्या पाण्याने दुसरी भरा. पहिलीतले पाणी बरेच नितळ, दुसरीतले चहासारखे. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक फक्त गवताचा. गवत पाण्याला अडवते, थांबवते, मुरमात आणि खडकाच्या भेगांत उतरायला वेळ देते. मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना लागते. धावलेले पाणी मातीही घेऊन जाते. मी तीस वर्षे सभांतून हेच सांगत आलो, पण या दोन बाटल्यांइतके कोणाला पटवता आले नाही.

दुसरा धडा सांगताना मला थोडे शरमल्यासारखे होते. टेकडीवर जागोजागी एकच झाड दाटीने दिसेल : गिरिपुष्प. काही भागात याला उंदीरमारी म्हणतात. फाल्गुनाच्या सुमाराला पाने झडून फिकट गुलाबी फुलांनी भरते. मूळचे मध्य अमेरिकेतले. हवेतील नत्र धरून ठेवणारे, फांदी रोवली तरी जगणारे. बोडक्या टेकडीवर लवकर हिरवाई यावी म्हणून ते लावले गेले. पण त्याच्या दाट सावलीखाली उभे राहून पाहा. गवत विरळ, आपली झाडे तुरळक. मग पळस, सालई जिथे मोकळ्या उभ्या आहेत तिथे जाऊन पक्ष्यांचा आवाज ऐका. काय ते तुमचे तुम्हालाच कळेल.

मी नोकरीत नवा असताना एका गावाच्या गायरानावर हौसेने नुसते गिरिपुष्पच लावून घेतले होते. तीन वर्षांत डोंगर हिरवा झाला, माझी पाठ थोपटली गेली. पुढे एकदा गेलो तेव्हा तिथले एक वृद्ध धनगर म्हणाले, "साहेब, हिरवं झालं खरं, पण माझी मेंढरं त्याला तोंड लावीत न्हाईत, आन् खाली गवत उगवंना." मी काय उत्तर देणार? दुसऱ्या वर्षी आम्ही मधली झाडे विरळ केली आणि आपल्याकडची रोपे लावली. त्या म्हाताऱ्याचे शब्द या टेकडीवर आलो की अजून आठवतात.

म्हणून गिरिपुष्प वाईट असे समजू नका. बांधावर त्याच्यासारखा मित्र नाही. चारसूत्री भातलागवडीत त्याचा पाला चिखलणीच्या वेळी गाडतात, तो उगीच नव्हे. बांधावर लावा, दरवर्षी छाटा, पाला शेतात घाला. पण गावचा सबंध डोंगर एका झाडाच्या स्वाधीन करू नका. तिथे गवत राखा, चर खणा, पळस, सालई, धावडा, कडुनिंब अशी मिसळ असू द्या.

या टेकडीतून रस्ता काढण्याची योजना निघाली तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये पुण्याची माणसे मोठ्या संख्येने तिच्या रक्षणासाठी पदयात्रेने निघाली होती. त्यांतल्या बहुतेकांची शेती नाही, विहीर नाही. आपली तर दोन्ही आहेत, आणि तरी गावचा डोंगर आपल्या बोलण्यात 'पडीक' असतो.

उतरताना कागद, पिशव्या मागे ठेवू नका. त्या दोन बाटल्या मात्र घरी न्या आणि खिडकीत ठेवा. पुढच्या पावसाळ्यात आपल्या गावच्या ओढ्यातून तिसरी भरा. ती कोणत्या बाटलीसारखी दिसते, ते घरातल्या धाकट्याला विचारा.